गोळी झाडून घरी गेलेला माणूस

शिकारीची पुस्तके आपल्याकडे बहुधा मुलांची पुस्तके म्हणून वाचली जातात. जिम कॉर्बेटची पुस्तके मराठीत आली, वाचनालयांच्या कपाटांत स्थिरावली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दहाबारा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती पडत राहिली. वडीलधाऱ्यांनीही ती त्याच वयात वाचलेली असतात. पुढे ती पुन्हा उघडण्याचे कारण सहसा कोणास पडत नाही, आणि साहसकथा म्हणून एकदा बाजूला ठेवलेल्या या लेखनाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची गरजही कोणास भासत नाही. आमच्या मते ही पुस्तके प्रौढपणी पुन्हा वाचावीत. तसे वाचताना लक्ष कोठे ठेवावे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

या वाङ्मयात थरार आहे हे खरे. पण तो नेमका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. वर्मी लागलेल्या गोळीची हकीकत दोन वाक्यांत संपते. पोटात किंवा पायात गोळी घेऊन गवतात शिरलेल्या जनावराची हकीकत मात्र तेथून सुरू होते. तीत शिकाऱ्याखेरीज इतर माणसेही येतात: माग काढणारा, बंदूक वाहणारा, चूड धरणारा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गवताला जाणारी बाई. चुकलेल्या नेमाचे देणे कोणी फेडावयाचे, हा या पुस्तकांतला खरा प्रश्न आहे. त्याची उत्तरे तीन लेखकांनी तीन प्रकारे दिली आहेत. जे. एच. पॅटर्सनचे ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ हे पुस्तक १९०७ मधले. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ ही दीर्घकथा १९३६ मधली. जिम कॉर्बेटची ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ आणि ‘द टेम्पल टायगर’ ही पुस्तके अनुक्रमे १९४४ व १९५४ मधली. पहिली दोन पूर्व आफ्रिकेतल्या सिंहांची, शेवटची दोन हिमालयाच्या पायथ्याच्या वाघ-बिबळ्यांची. मुलूख वेगळे असले तरी जखमी जनावराच्या मागे जाण्याचा प्रसंग सर्वांत आहे, आणि म्हणूनच ती शेजारी ठेवून वाचता येतात.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ, कारण ती ठाऊक नसेल तर या लेखकांचे शब्द केवळ अलंकारिक वाटतात. मार्जारकुळातील मोठे जनावर धडधाकट असताना माणसाला टाळते. तेच जखमी झाले म्हणजे पहिल्या धावेत जवळच्या दाट आडोशात शिरते आणि पुष्कळदा आपल्याच मागाकडे तोंड करून दबून बसते. पाठलाग करणाऱ्याची नजर जमिनीवरच्या रक्ताच्या थेंबांवर, आणि जनावराची नजर त्या माणसावर, अशी ही विषम स्थिती असते. रक्त पाहून जखमेचा अंदाज बांधतात. फुफ्फुसाला गोळी लागली असेल तर रक्त लालभडक व फेसाळ, यकृताला लागली असेल तर गडद, आणि आतडे फुटले असेल तर रक्तात पोटातली घाण मिसळलेली. फुफ्फुसात गोळी लागलेले जनावर फार दूर जात नाही. पोटात गोळी लागलेले मात्र कित्येक तास जगते, आणि तेच सर्वांत घातक. वीस पावलांचे अंतर ते दोन सेकंदांच्या आत कापते. तेवढ्यात बंदूक खांद्याला लावून नेम धरावयाचा असतो, आणि पुष्कळदा जनावर दिसते ते केवळ हलणाऱ्या गवताच्या रूपाने.

म्हणून शिकाऱ्यांचा जुना नियम असा की, लगेच मागे जाऊ नये. अर्धा-एक तास थांबावे. तेवढ्या वेळात रक्तस्रावाने जनावर मरेल, किंवा जखम ताठरून त्याची चपळाई कमी होईल. पण उन्हे कलली असतील तर हा नियम पाळणे म्हणजे काळोखाला आमंत्रण देणे होय. हिंदुस्थानात जखमी वाघाला हुडकण्यासाठी म्हशींचा कळप झाडीत घालण्याची पद्धत होती. ज्यांना परवडे ते हत्ती वापरत. बिबळ्याच्या बाबतीत धोका आणखी वेगळा. तो आकाराने लहान, त्यामुळे हातभर गवतातही नाहीसा होतो, आणि बहुधा आवाज न करता येतो. त्या काळी नखांचा ओरखडाही प्राणघातक ठरे, कारण नखांत सडक्या मांसाचा अंश असतो आणि पेनिसिलिन सर्रास वापरात आले ते १९४० नंतरच्या दशकात. ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे यांना १९११ साली आजच्या केनियात एका सिंहाने फाडले. ते जागच्या जागी गेले नाहीत. काही दिवसांनी नैरोबीत त्यांचा अंत झाला. जखमी जनावराच्या मागे जाणे म्हणजे काय, याची ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता पुस्तकांकडे वळू.

पॅटर्सन हा लष्करातला इंजिनियर. १८९८ साली युगांडा रेल्वेचा त्सावो नदीवरचा पूल बांधण्याचे काम त्याच्याकडे होते. कामावरचे मजूर मुख्यतः हिंदुस्थानातून नेलेले. दोन सिंहांनी या मजुरांना रात्री तंबूंतून ओढून नेण्यास प्रारंभ केला, आणि काम काही काळ बंद पडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात पॅटर्सनने दोन्ही सिंह मारले. दुसरा सिंह आधी जखमी झाला होता, आणि उजाडल्यावर पॅटर्सन त्याच्या रक्ताच्या मागावर निघाला. माग काढावयास एक स्थानिक माणूस, आणि मागे कार्बाइन घेऊन महिना नावाचा बंदूकवाहक. सिंह चाल करून आला. पॅटर्सनने गोळ्या झाडल्या, पण तो थांबेना. तेव्हा दुसरी बंदूक घेण्यासाठी त्याने हात मागे केला, तर बंदूक नाही. महिना कार्बाइनसकट झाडावर चढून चालला होता. पॅटर्सनही झाडावर चढला. सिंहाचा एक मागचा पाय गोळीने मोडलेला होता म्हणूनच त्याला ते साधले. झाडावरून त्याने सिंहाला पाडले, मेला असे समजून घाईने खाली उतरला, आणि सिंह पुन्हा उठून त्याच्यावर आला. अखेरच्या दोन गोळ्यांनी तो संपला.

हा प्रसंग पॅटर्सनने काहीशा विनोदाने सांगितला आहे, आणि स्वतःचा उतावीळपणाही झाकलेला नाही. त्याच्या लेखनातली ही चांगली बाजू. पण वाचक म्हणून आमचे लक्ष दुसरीकडे जाते. महिना पळाला हे आपल्याला कळते, त्याचे नावही कळते. परंतु ज्याची नजर सर्व वेळ जमिनीवर होती, ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्या माग काढणाऱ्याचे नाव पुस्तकात नाही. साहेबाला चौफेर नजर ठेवता यावी म्हणून तो माग पाहत होता. जखमी जनावराच्या मागावर निघालेल्या तुकडीत सर्वांत उघडा माणूस तोच असतो. पॅटर्सनच्या दृष्टीने ही गोष्ट त्याची व सिंहाची आहे. बाकीचे सारे पूल बांधण्याच्या सामानासारखे, लागतील तेव्हा हजर असलेले.

हेमिंग्वेची कथा वाचताना आपण एकदम वेगळ्या प्रतीच्या लेखनात शिरतो. त्याने १९३३–३४ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत शिकारीचा प्रवास केला होता, आणि या कथेतील तपशील त्या अनुभवाचे आहेत हे ओळीओळीला जाणवते. फ्रान्सिस मॅकोम्बर हा श्रीमंत अमेरिकन, बरोबर पत्नी मार्गो, आणि पैसे घेऊन शिकार घडविणारा विल्सन. मॅकोम्बरची गोळी सिंहाच्या पोटात लागते. सिंह उंच गवतात शिरतो. त्यानंतरचे संभाषण हे आमच्या मते या विषयावरच्या साऱ्या वाङ्मयातले सर्वांत मोलाचे पान आहे. मॅकोम्बर एकामागून एक पर्याय सुचवतो. गवत पेटवता येणार नाही का? नाही, गवत हिरवे आहे. हाकाऱ्यांना पाठवता येणार नाही का? नाही, धडधाकट सिंह हाकाऱ्यांपुढे निघून जातो, जखमी सिंह कोणाला तरी फाडल्याखेरीज राहणार नाही. बंदूकवाहकांनी यावयाचे काय? होय, त्यांनी तसा करार केलेला आहे. आणि शेवटी तो विचारतो: मग त्याला तिथेच का सोडून देऊ नये?

विल्सनच्या उत्तरात दोन कारणे आहेत. सिंह यातनेत असणार हे एक, आणि दुसऱ्या कोणा माणसाची त्याच्याशी गाठ पडेल हे दुसरे. एवढ्या मोजक्या शब्दांत शिकारीची सारी नीती येऊन जाते. दोन्ही कारणांत शिकाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न नाही. एकात जनावराचा आणि दुसऱ्यात परक्या वाटसरूचा विचार आहे. हेमिंग्वेने याच कथेत काही ओळी सिंहाच्या बाजूनेही लिहिल्या आहेत. पोटातली जळजळ, धाप, आणि गवतात दबून उरलेली सारी शक्ती एकवटणे हे आपण त्याच्या आतून पाहतो. नंतर सिंह येतो, आणि मॅकोम्बर पळतो. सिंहाला विल्सन मारतो. दोन्ही बंदूकवाहक आणि विल्सन पळालेल्या माणसाकडे तिरस्काराने पाहतात.

येथपर्यंत कथेला तोड नाही. पण येथूनच हेमिंग्वेचे लक्ष वळते. विल्सनच्या उत्तरातला तो वाटसरू पुन्हा कथेत येत नाही. पुढचा सारा भाग मॅकोम्बरची भीती, पत्नीने केलेला त्याचा उपहास, दुसऱ्या दिवशी रेड्यांच्या शिकारीत त्याला गवसलेले धैर्य, आणि पत्नीच्या गोळीने झालेला त्याचा मृत्यू यांनी भरला आहे. प्रश्न पुरुषार्थाचा होऊन बसतो. भ्याला तो पुरुष नव्हे, भीती गेली की तो पुरुष झाला, असा हा हिशेब आहे. सिंहाच्या पोटात गोळी का लागली, घाईत आणि हात कापत असताना बार का काढला, हा मूळ दोष कथेत मागे पडतो. मॅकोम्बरचा अपराध पळण्यात होता असे कथा मानते. आमच्या मते तो अपराध पळण्याच्या आधी, ‘सोडून देऊ’ या एका सूचनेत होता. बंदूकवाहकांविषयीही हेच म्हणता येईल. करार केला आहे म्हणून ते जातील, हे विल्सनने सहज सांगून टाकले, आणि लेखकानेही ते तितक्याच सहजपणे पुढे जाऊ दिले. ज्याने गोळी झाडली नाही त्याने करारापायी सिंहाच्या तोंडी जावे, यातली विसंगती कथेला खटकत नाही.

आता कॉर्बेट. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’च्या प्रारंभीच त्याने वाघ नरभक्षक का होतो याचा खुलासा केला आहे. दहांपैकी नऊ वेळा कारण जखम, आणि एखाद्या वेळी म्हातारपण, असे त्याचे मत. ही जखम बेफिकिरीने झाडलेल्या गोळीची आणि नंतर जनावराचा पाठपुरावा न केल्याची असू शकते, किंवा साळिंदराच्या काट्यांची. हे विधान पुस्तकाच्या दाराशीच ठेवले आहे, आणि ते ओलांडून आत गेल्यावर प्रत्येक कथा त्याच्या उजेडात वाचावी लागते.

पहिलीच कथा चंपावतच्या वाघिणीची. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारले तोवर नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिने मारल्याची नोंद होती. मेल्यावर तिचा जबडा पाहिला, तर उजव्या बाजूचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची ही खूण होती. सुळे नसलेल्या वाघिणीला सांबर-चितळाचा गळा धरता येत नाही. ओल्या फांद्या तोडायला झाडावर चढलेली बाई किंवा काटक्या वेचणारी मुलगी मात्र तिच्या आवाक्यात असते. पालीजवळ बळी पडली ती चाऱ्यासाठी ओकची पाने तोडणारी बाई, आणि चंपावतला अखेर बळी पडली ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी. विल्सनच्या उत्तरात एका शब्दात येऊन गेलेला वाटसरू येथे माणूस होऊन उभा राहतो. त्याला गाव आहे, घर आहे, मागे रडणारी माणसे आहेत.

कॉर्बेट स्वतःच्या चुका लपवीत नाही. या वाघिणीच्या हाक्याला तो अवघी तीन काडतुसे घेऊन गेला होता. ती संपली, वाघीण जखमी होऊन खडकावर उभी, आणि हाती रिकामी बंदूक. तेव्हा तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची जुनी बंदूक मागून आणली आणि वीस फुटांवरून बार काढला. तोही नेमका लागला नाही. वाघीण आधीच्याच गोळ्यांनी संपत आली होती म्हणून निभावले. असे लिहिण्यास एक प्रकारचे धैर्य लागते, आणि ते वाघासमोर उभे राहण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नाही.

पनारच्या बिबळ्याची कथा ‘द टेम्पल टायगर’मध्ये आहे. १९१० साली मारलेल्या या बिबळ्याच्या नावावर ४०० बळी होते. कॉर्बेट बकरी बांधून झाडावर बसला, काळोखात गोळी झाडली, आणि बिबळ्या जखमी होऊन निघून गेला. जखमी बिबळ्याच्या मागे रात्री जाऊ नये हे कॉर्बेटला कोणी सांगावयास नको होते. तरी तो गेला, आणि चिडाच्या लाकडाच्या पेटत्या चुडी धरलेल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन गेला. पळणार नाही असे वचन त्याने त्यांच्याकडून घेतले होते. बिबळ्या चालून आला तेव्हा सारे एकदम उलटे फिरून पळाले. पळताना एकमेकांवर आदळून काहींच्या चुडी खाली पडल्या, जमिनीवर जळत राहिल्या, आणि त्या उजेडात कॉर्बेटला नेम धरता आला. बिबळ्या मेला. थोड्या वेळाने माणसे दबकत परत आली, आणि त्यांच्यातलाच एक म्हणाला की, आता साहेब आपल्यावर रागावणार नाही, कारण सैतान तर मेला.

हा प्रसंग त्सावोच्या प्रसंगाशेजारी आणि मॅकोम्बरच्या पळण्याशेजारी ठेवून पाहावा. तिन्ही ठिकाणी जनावर जखमी आहे, ते चालून येते, आणि कोणीतरी पळते. पॅटर्सनला त्या पळण्याचे हसू येते. हेमिंग्वे त्याला कलंक ठरवतो. कॉर्बेट मात्र ते नैसर्गिक मानतो, पळणाऱ्यांच्या हातून पडलेल्या चुडींचे ऋण मानतो, आणि त्यांच्या तोंडचे वाक्य नोंदवून पुढे जातो. ज्यांची पोरेबाळे त्या बिबळ्याने वर्षानुवर्षे नेली, त्यांनी निःशस्त्र असता दहा पावले त्याच्या मागे यावे हेच पुष्कळ होते, ही समज त्याच्या लेखणीत आहे. त्यांना नेणे योग्य होते काय, हा प्रश्न तरीही उरतो, आणि आमचे उत्तर नकारार्थी आहे. सकाळपर्यंत थांबता आले असते. पण थांबला असता आणि पहाटे कोणी त्या वाटेने गेले असते तर? येथे सरळ उत्तर नाही, आणि कॉर्बेटही ते असल्याचा आव आणत नाही.

याच पुस्तकातली तल्ला देशच्या वाघिणीची कथा अशीच. १९२९ साली, कानाजवळ उडालेल्या बंदुकीच्या बारामुळे कानात मोठे गळू झालेले, एका बाजूने ऐकू येत नाही, अशा स्थितीत कॉर्बेटने आपण जखमी केलेल्या नरभक्षक वाघिणीचा दिवसेंदिवस माग काढला. रानात माग काढताना डोळ्यांइतकाच कानांवर भर असतो. मागून आलेली पानांची सळसळ कळली नाही तर सारेच संपले. दवाखान्यात जावयाचे सोडून तो गेला, कारण जखमी वाघीण ही आता सर्वस्वी त्याची जबाबदारी झाली होती. येथे त्याने आपल्या सोबत्यांना नावे दिली आहेत. माधोसिंग आहे, आईला वाघिणीने नेलेला डुंगरसिंग आहे. पॅटर्सनच्या पुस्तकातला तो बिननावाचा माग काढणारा आठवला म्हणजे या नावांचे मोल कळते.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. चंपावतच्या वाघिणीचे सुळे ज्याने फोडले, तो कोण होता? कॉर्बेटला ते ठाऊक नाही. पुस्तकात वाघीण आहे, बळी आहेत, गावकरी आहेत, तहसीलदार आहे, शिकारी आहे. नाही तो एकच, ज्याच्यामुळे हे सारे घडले. त्याने एके दिवशी गोळी झाडली, जनावर झाडीत गेले, ऊन वाढले असेल किंवा सांज झाली असेल, आणि तो घरी गेला. पुढे शेकडो घरांत रडारड झाली ती त्याच्या कानी कदाचित गेलीही नसेल. कॉर्बेटच्या साऱ्या लेखनावर या न दिसणाऱ्या माणसाची सावली आहे.

हा माणूस हेमिंग्वेच्या कथेत आहे. ‘त्याला तिथेच का सोडून देऊ नये’ असे विचारणारा मॅकोम्बर तोच. त्याच्याबरोबर विल्सन होता म्हणून सिंह सुटला नाही. विल्सन नसता तर मॅकोम्बर मोटारीत बसून तंबूवर परत गेला असता, आणि त्या मुलुखात काही महिन्यांनी एखाद्या कॉर्बेटला बोलावणे गेले असते. तो दुष्ट नाही. भ्यालेला आहे, दमलेला आहे, आणि परिणाम आपल्या डोळ्यांआड होणार आहेत हे त्याला सोयीचे आहे. हेमिंग्वेची कथा आम्ही म्हणूनच कॉर्बेटच्या पुस्तकाची प्रस्तावना समजून वाचतो. कॉर्बेटने शेवट लिहिला. प्रारंभ कसा होतो हे हेमिंग्वेने दाखविले, जरी त्याचे स्वतःचे लक्ष दुसरीकडे असले तरी.

कॉर्बेटचे सारेच म्हणणे आज जसेच्या तसे स्वीकारावे असे नाही. बिबळ्यांच्या बाबतीत त्यानेच वेगळे कारण दिले आहे: साथीच्या रोगांत प्रेते नीट दहन न होता दरीत टाकली गेली आणि बिबळ्यांना माणसाच्या मांसाची चटक लागली. त्सावोच्या सिंहांची कातडी व कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी एकाचा सुळा मोडून मुळाशी गळू झाल्याचे आढळले, पण दुसऱ्याची अशी अवस्था नव्हती. बळींचा १३५ हा पॅटर्सनने पुढे सांगितलेला आकडाही फुगलेला दिसतो; केस व हाडे यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून तो सुमारे ३५ निघाला. तेव्हा जखम हे एक कारण. रानाची तोड, भक्ष्याची टंचाई, माणसांची दाटी ही इतर कारणे. केनेथ अँडरसनच्या दक्षिण भारतातल्या कथांत तर पिके राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीनेही वाघ जखमी होतो. म्हणजे तो न दिसणारा माणूस दरवेळी साहेबच असतो असे नाही. आणखी एक आक्षेप: कॉर्बेटचे गावकरी प्रेमळ, सोशिक, कृतज्ञ आहेत, पण साहेबावर चिडलेला, त्याला जाब विचारणारा गावकरी त्याच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो. ज्या राजवटीत शिकार हा अधिकाऱ्यांचा करमणुकीचा हक्क होता, तिच्याविषयी तो फारसे बोलत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून वाघाची शिकार संपली. मग हे सारे आज कशास वाचावे, असे कोणी विचारील. जखमी जनावरे मात्र संपलेली नाहीत. तारेच्या फाशात पाय अडकलेला, रस्त्यावर गाडीची धडक बसलेला बिबळ्या आजही झाडीत शिरतो. बेशुद्धीचे औषध सुईने मारल्यावर ते चढावयास काही मिनिटे लागतात, आणि त्या अवधीत कोणालातरी त्याच्या मागे राहावे लागते. तो कोणीतरी बहुधा वनरक्षक किंवा रोजंदारीचा वनमजूर असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या रानात पायी खुणांची मोजणी करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. ती वाघीण जखमी नव्हती. तरी रानात पुढे चालणारा माणूस कोण असतो, याचे उत्तर त्सावोपासून आजवर फारसे बदललेले नाही, एवढे त्यावरून कळते.

आपल्या घरांतील मुलांनी ही पुस्तके अवश्य वाचावीत, आणि मोठ्यांनी ती त्यांच्याबरोबर पुन्हा वाचावीत. चंपावतच्या कथेत एक बाई आहे, तिच्यापाशी थोडे थांबावे. दोघी बहिणी गवत कापत असता वाघिणीने थोरलीला धरून नेले. धाकटी हातातला विळा उगारून वाघिणीच्या मागे धावली. बहिणीला सोड, मला ने, असे ओरडत ती बरीच पुढे गेली. वाघीण तिच्यावर उलटली तेव्हा ती गावाकडे पळाली, आणि घरी पोहोचली तेव्हा तिची वाचा गेली होती. वाघीण मेल्यावर कॉर्बेटने तिला कातडे दाखविले, तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. या बाईचे नाव कॉर्बेटने दिलेले नाही. वाघिणीचे सुळे फोडणाऱ्या माणसाचेही नाव पुस्तकात नाही. एक नाव आपल्याला ठाऊक असावयास हवे होते, आणि दुसऱ्याने आपले नाव स्वतःहून पुढे येऊन सांगावयास हवे होते. या दोन रिकाम्या जागा ओळखता येणे, हेच आमच्या मते या पुस्तकांचे प्रौढपणीचे वाचन होय.